अर्ध्या यकृताची घोडी

मला एक सांगा, विश्वास ठेवावा तर कोणावर ठेवावा? रोज आपल्या हाताने बादली भरून आणतो त्याच्यावर, की रोज येऊन बादलीत डोकावते आणि "हे काय आहे?" म्हणून विचारते तिच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली होती. बादली आणणाऱ्यावर सगळा विश्वास टाकून मोकळी झाले, आणि त्यात माझं अर्धं यकृत गेलं.

मी चिन्नोर बोलतेय. तांदूळ नव्हे, घोडी. तुमसरच्या बाजारात धनीरामचं कोंडा आणि ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, दुकान आहे. त्या दुकानाला लागून जी टिनाची शेड आहे, तिथे माझा मुक्काम. मी पांढरी, म्हणून मालकाने आपल्या भागातल्या सुवासिक तांदळाचं नाव मला दिलं. वासाच्या बाबतीत नाव जरा फसलंय, पण रंगाला शोभतं.

मी नुकरी जातीची. म्हणजे केस पांढरे आणि खालची कातडीही गुलाबी. लग्नात आमच्या जातीला मान फार. पांढऱ्या घोडीवर बसलं की नवरदेव उजळ दिसतो, अशी लोकांची समजूत आहे. खरं तर शेजारी इतकं पांढरं असलं की उलटंच होतं. पण वरातीच्या दिवशी नवरदेवाला हे कोण सांगणार? मी तर नाहीच, माझा तो धंदा होता.

माझा जन्म इथला नाही. दूरच्या एका घोडेबाजारात धनीरामने मला घेतलं. विकणाऱ्याने माझं वय चार सांगितलं. मी होते सात वर्षांची. धनीरामने माझा ओठ वर करून दात पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मोठ्या जाणतेपणाने म्हणाला, "हाव, चारच." तेव्हाच मी ओळखलं. हा माणूस तांदळाचा एक दाणा दाताखाली धरून तो नवा की जुना, कोणत्या भागातला, सगळं सांगेल. घोडीच्या दातांत मात्र याला फक्त दात दिसतात.

दुकानासमोर उभी राहून राहून मी शिकले. शाळा म्हणाल तर तीच. जे गिऱ्हाईक ढेपेचा तुकडा हुंगतं, उलटासुलटा करतं, त्याला काही घ्यायचं नसतं. ज्याला घ्यायचं असतं तो आधी तब्येतपाणी विचारतो. "घरचं आहे" असं सांगून जे मिळतं ते नेहमी कोणाच्या तरी घरात नको झालेलं असतं. हा शेवटचा धडा मी पाठ केला होता, पण वेळेवर आठवला नाही.

धनीरामच्या बायकोचं नाव रेवताबाई. सकाळची बादली तिची, संध्याकाळची त्याची. आणि दोघांचीही ठाम खात्री की दुसरा माणूस मला उपाशी मारतोय. त्यामुळे मला दिवसातून दोनदा उघड खायला मिळे आणि दोनदा लपून. तो दुकानातून मुठीत गूळ घेऊन यायचा आणि इकडेतिकडे बघून माझ्या तोंडात कोंबायचा. ती पदराखाली पोळी आणायची. मी दोघांकडेही उपाशी डोळ्यांनी बघायची. धंद्यात एवढं चालतं.

आता तिसरा माणूस. रेवताबाईचा धाकटा भाऊ चंद्रकुमार. कोंढा गावी त्याची धानाची शेती आहे. माणूस मनाने मऊ, बोलायला गोड. बहिणीकडे तो कधी रिकाम्या हाताने येत नाही, आणि विकत घेतलेलं कधी आणत नाही. धनीराम त्याची भारी टर उडवायचा. एकदा त्याने बहिणीला भोपळा आणला, तर धनीरामने दुकानात बसलेल्या चार गिऱ्हाइकांना तो भोपळा हातोहात दाखवला आणि म्हणाला, "पाहा गा, साळेबुवांनं सोनं आणलं." रेवताबाई दोन दिवस बोलली नव्हती. माहेरच्या वस्तूला नवरा हसला की बाईचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. पुढे जे झालं त्याचं निम्मं मूळ त्या भोपळ्यात आहे.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. चंद्रकुमार एक पोतं घेऊन आला. शेडमध्ये टेकवून म्हणाला, "बाई, घोडीले कुळीथ आणला. घरचा हाये."

पोतं उलटं होतं. म्हणजे आतली बाजू बाहेर, शिवण वर दिसत होती. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, कोंढ्याकडे असंच शिवत असतील.

रेवताबाईचा चेहरा खुलला. "पाह्यलं का," ती नवऱ्याला म्हणाली, "माहा भाऊ. घोडीचीबी आठवण ठेवते."

"हाव ना," धनीराम म्हणाला. "घोडी त्याले आवडते. ते बोलत नाई."

दोघं भाऊ-बहीण चहाला आत गेले. धनीराम मागे राहिला. त्याने पोत्यात हात घातला, एक दाणा काढला, दाताखाली धरला. चावला. आणि लगेच शेडच्या मागे जाऊन थुंकला. त्याचं तोंड जसं झालं तसं मी फक्त एकदा पाहिलं होतं, कोणीतरी जुन्या तांदळात नवा मिसळून आणला होता तेव्हा.

तो कुळीथ नव्हता. ते बोरूचं बी होतं. बोरू म्हणजे ताग. रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, आधी धानाच्या बांधीत पेरतात, गुडघ्याएवढा वाढला की चिखलात गाडून टाकतात, त्याचं खत होतं. तळ्यावरची जुनी ढीवर माणसं सांगतात की त्यांच्या आजोबांच्या वेळी याच झाडाच्या वाकाची जाळी विणत. जमिनीला चांगला, जाळ्याला चांगला. पण बी कुळथापेक्षा जरा काळं, जरा चकचकीत, आणि कडू. घोड्याच्या पोटात जायची वस्तू नव्हे.

धनीरामला दाणा कळला. तरी तो बोलला नाही. का? मी त्यावर पुष्कळ विचार केला, मला उभं राहण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. एक तर भोपळ्याचं भांडण ताजं होतं. दुसरं, बैल बोरूचा पाला अधूनमधून ओढून खातात आणि मरत नाहीत, हे त्याने पाहिलेलं. तिसरं, शिजवलं की सगळा दोष जातो, अशी इकडच्या प्रत्येक घरात खात्री आहे. आणि चौथं, जे त्याने स्वतःलाही सांगितलं नसेल. फुकट आलेलं पोतं परत पाठवायची हिंमत मी अजून एकाही दुकानदारात पाहिलेली नाही.

रेवताबाई सकाळी दोन मुठी बी शिजवायची, गूळ घालायची, मला आणून द्यायची. धनीरामने निम्मं पोतं चक्कीवर भरडून आणलं आणि कोंड्याच्या एका पोत्यात मिसळून ठेवलं. तो माझा संध्याकाळचा खुराक. सकाळी अख्खं, संध्याकाळी भरडलेलं. एकमेकांना सांगितलं दोघांनीही नाही.

मी खाल्लं का? खाल्लं. गुळाआडून कडू लागत होतं, तरी खाल्लं. बाईचा हात रोजचा होता. आणि घोड्याची एक अडचण अशी की आम्हाला उलटी करता येत नाही. माणसाला येते, पण तो ती सहसा दुसऱ्याच्या अंगावर करतो.

बोरू लगेच काही करत नाही, तेच वाईट. पोटात दुखलं असतं तर त्याच आठवड्यात पोतं उकिरड्यावर गेलं असतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझ्या बरगड्या दिसायला लागल्या. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट झाला. आणि नाकाडावरची गुलाबी कातडी उन्हात लाल होऊन सोलायला लागली, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी.

बाजारातल्या प्रत्येकाला रोग कळला होता, आणि प्रत्येकाला वेगळा. शेजारच्या गोदावरीबाईने सांगितलं, नजर लागली. वरातीत हजार लोक पाहतात, एखादा डोळा कडक असतोच. तिने माझ्या सोललेल्या नाकाला हळद लावली. डोळे आधीच पिवळे होते, आता नाकही झालं. लग्न नवरदेवाचं, हळद घोडीला, असं म्हणून दुकानातली मंडळी हसली. मीही हसले असते, पण झोंबत होतं.

मग नाकाडोंगरी गावची वरात आली. दुपारची. नवरदेव कुलदीप, अंगाने भरलेला, डोक्यावर मोत्यांच्या झालरीचा फेटा. मांडवाजवळ येईपर्यंत मी नीट गेले. पुढचं मला धुक्यातून बघितल्यासारखं आठवतं. पाय आपोआप डावीकडे वळायला लागले. बँडवाल्यांची भोंग्याची गाडी मध्ये होती, मी तिच्याभोवती फिरू लागले. एक फेरा, दोन फेरे, तीन.

"वा, घोडी नाचून राहिली," कोणीतरी म्हणालं, आणि बँडवाल्यांनी ताल वाढवला.

"धनीरामभाऊ," कुलदीप वरून म्हणाला, "इले सरळ करा ना. मले गरगरून राहिलं."

"नवी चाल हाये, बापू. नागपूरले हेच चालू हाये," धनीराम म्हणाला. धंद्यातला माणूस, खाली पडता पडताही माल विकेल. पण बोलता बोलता त्याने लगाम हाताला दोनदा गुंडाळून घेतला.

पाचव्या फेऱ्याला नवरदेवाची मावशी म्हणाली, "अवो, नवरीबरोबर सात घ्याचे हायेत, पोट्टा आताच पाच घेऊन बसला." सातवा फेरा झाला नाही. मी मांडवाच्या खांबाला कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिले. ढकललं, ओढलं, मी हलले नाही. डोकं कशाला तरी दाबून ठेवलं तरच ते जागेवर राहील असं वाटत होतं. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवाले पाया पडून राहिली मुकी." कुलदीप उतरला आणि मांडवात चालत गेला.

दुसऱ्या दिवशी जनावरांची डॉक्टर आली. राखी तिचं नाव, वय असेल तिशीच्या आतबाहेर. कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याची पंचाईत व्हायची. तिने माझ्या डोळ्याची पापणी वर केली, हिरड्या पाहिल्या, रक्त काढलं.

"काय खाऊ घालता?"

"तणीस, कोंडा, थोडी ढेप," धनीराम म्हणाला. धानाच्या पेंढ्याला इकडे तणीस म्हणतात.

"अजून?"

"अजून काई नाई."

रेवताबाई पदर चाचपत उभी होती. तीही काही बोलली नाही. नवऱ्यासमोर पुन्हा भावाच्या पोत्याचा विषय निघेल, ही तिची भीती. हा गप्प, कारण बायकोच्या भावाचं पोतं चावून पाहिलं हे सांगावं लागेल. मी मध्ये उभी. सगळं माहीत असलेली एकटीच, आणि तोंडात थर्मामीटरसुद्धा लावत नाहीत आमच्या, भलतीकडेच लावतात.

रक्ताचा रिपोर्ट आला तसं डॉक्टर राखीने सांगितलं, "लिव्हर खराब झालंय. कोणत्या तरी विषारी झाडाचं काम दिसतंय, एका दिवसाचं नाही, महिन्यांचं. लिव्हर रक्तातली घाण साफ करत नाही, ती डोक्यात चढते, म्हणून ही गोल फिरते. आणि म्हणूनच ऊन हिच्या गुलाबी कातडीला भाजतं. यावर उतारा असं औषध नाही. विष बंद करायचं आणि उरलेलं लिव्हर सांभाळायचं, एवढंच आपल्या हातात."

मग तिने सांगितलेले नियम. दिवसभर सावली. चरायला सूर्य उगवायच्या आधी. ढेप बंद, कोणतीही डाळ बंद, कारण ते पचवणं खराब लिव्हरला जड जातं. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. तणीस, भिजवलेला कोंडा, गूळ. नाकाला मलम. शिरेतून ग्लुकोज. आणि एक दोनशे पानी वही. "तोंडात जे जे जाईल ते लिहायचं," ती म्हणाली. "कोणी दिलं तेही."

विषारी झाड म्हटल्याबरोबर धनीरामचा चेहरा उतरला. त्याच दुपारी त्याने भरड मिसळलेलं कोंड्याचं पोतं शेडच्या कोपऱ्यात सरकवलं आणि दुकानातून नवं आणून ठेवलं. जुनं फेकलं नाही. पोतं फेकणं त्याच्या हाताला माहीतच नाही. बायकोकडचं उरलेलं बी केव्हाच संपलं असेल असं त्याने धरलं. त्याला वाटलं, झालं, विष बंद.

पण सकाळचं अख्खं बी चालूच होतं. रेवताबाईला वाटे, जनावर आजारी आहे, ताकद कुठून येणार? डॉक्टरीणबाई पोरसवदा, तिला काय कळतं? तिने कुळीथ समजून दोन मुठींच्या तीन केल्या. वहीत लिहिलं नाही. वही बघून धनीराम समाधानी, वही बघून डॉक्टर समाधानी. वही स्वच्छ होती आणि बादली कडू.

मध्यंतरी गोदावरीबाईने माझ्या गळ्यात काविळीची माळ बांधली. कसल्या तरी काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंतवलेले असतात. कावीळ उतरेल तशी माळ लांब होते म्हणतात. आणि खरंच ती रोज लांब व्हायची. गोदावरीबाई रोज येऊन वीतभर मोजायची आणि सगळ्यांना सांगायची. काड्या वाळल्या की आकसतात आणि गाठी सैल पडतात, एवढं मी दुकानातल्या सुतळ्या पाहून ओळखलं होतं. चौथ्या दिवशी माळ तोंडापर्यंत पोचली, तेव्हा मी ती खाऊन टाकली. वहीत रेवताबाईने प्रामाणिकपणे नोंद केली, "काविळीची माळ, एक, स्वतः खाल्ली." डॉक्टर राखी ते वाचून पहिल्यांदा हसली.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त काढलं. या वेळी ती हसली नाही.

"वाढलंय," ती म्हणाली. "वहीप्रमाणे हे वाढायला नको. हिच्या पोटात अजून काहीतरी जाऊन राहिलंय. ते सापडलं नाही तर ही घोडी पंधरा दिवस काढत नाही. मला खोटं औषध देता येत नाही, तुम्ही मला खोटी वही देऊ नका."

मी भिंतीला कपाळ लावून उभी होते. पंधरा दिवस हा शब्द मला नीट कळला. दुकानात उधारी त्याच मुदतीवर असते.

दोन दिवसांनी ती ग्लुकोज लावत असताना चंद्रकुमार हजर. खांद्यावर दुसरं पोतं. बहिणीने फोनवर घोडीचं सांगितलं होतं, आणि त्याच्या मऊ मनाला राहवलं नव्हतं.

"बाई, राह्यलेला कुळीथबी आणला," तो म्हणाला. "पेशंटले ताकद पायजे."

डॉक्टरने बाटली धनीरामच्या हातात दिली. पोत्याजवळ गेली, मूठभर बी काढून तळहातावर पसरलं. मग पोत्याचं तोंड धरलं आणि मोजा उलटा करावा तसा त्याचा काठ उलटवला. आतल्या बाजूला निळ्या अक्षरांत छापलेलं होतं. हिरवळीच्या खताचं बियाणं, ताग, जनावरांना वा माणसांना खाण्यासाठी नाही.

ग्लुकोज तेवढं थेंब थेंब पडत होतं.

"हा कुळीथ आहे, दादा?"

चंद्रकुमारने खाली पाहिलं. "सरकारी बियाणं मिळालं होतं, मॅडम. मी पेरलंच नाई, आळस केला. मंग पाहणीले साहेब येणार होते. घरात भरलेलं पोतं दिसलं तर विचारतीन, म्हणून उलटं करून ठेवलं. मंग वाटलं, वाया कायले घालवाचं. दिसते कुळथावानी. शिजवलं का सगळंच सारखं."

"शिजवून याचं विष जात नाही."

"मी रोज देऊन राहिली होती," रेवताबाई खाली बसली. "आज सकाळीबी तीन मुठी देल्ली. वहीत लिवली नाई. मीच मारली हिले."

डॉक्टर राखी धनीरामकडे वळली. "धनीरामभाऊ, तुम्ही तर दाणा चावून शेत सांगता म्हणतात. तुम्हाला कळलं नाही?"

त्याच्या हातात माझी बाटली होती. तो म्हणाला, "मी त्या पोत्याले हातच लावला नाई, मॅडम. साळ्याचं पोतं."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे पाच दिवस दुकानात फक्त एकच गोष्ट चालली. धनीराम प्रत्येक गिऱ्हाइकाला साळ्याची आणि उलट्या पोत्याची कथा रंगवून सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं, तो हसायचा. जितका घाबरलेला असे तितकी कथा रंगायची. आत रेवताबाई जेवत नव्हती. चंद्रकुमारचा फोन आला की बंद करायची. एकदा म्हणाली, "मी याच्या हातचं पाणीबी पिणार नाई आता." आणि घरातलं काम टाकून ती दिवसभर शेडमध्ये माझ्याजवळ बसायला लागली. हातात वही, पेन, मोजायची वाटी. एक काडी तणीस खाली पडली तर उचलून पुन्हा मोजायची. मला बरं वाटायला लागलं होतं. नाक सुकत होतं, कपाळ भिंतीवरून सुटलं होतं.

सहाव्या दिवशी, दुपारी, नवं कोंड्याचं पोतं संपलं. रेवताबाईने शेडमध्ये नजर फिरवली. कोपऱ्यातलं जुनं पोतं दिसलं. तिने ते ओढून आणलं, दोन वाट्या मोजून बादलीत घातल्या, वर पाणी, वर गूळ. वहीत लिहिलं, "कोंडा, दोन वाट्या. रेवता." अक्षर सुबक. तिच्या हातून झालेली ती सगळ्यात खरी नोंद होती, आणि बादलीत बोरूची भरड होती.

धनीराम दुकानाच्या उंबऱ्यात उभा होता. गिऱ्हाइकाला कथा सांगता सांगता थांबला. त्याला ते पोतं दिसलं. मला तो दिसत होता. बाई बादली उचलून माझ्याकडे यायला लागली. मला कडू वास ओळखता येत होता. तोंड फिरवणं शक्य होतं. पण तिने इतक्या दिवसांत धड काही खाल्लं नव्हतं आणि ती मला म्हणाली, "खाय माय." मी तोंड पुढे केलं.

"रेवता, त्यातलं नोको देऊ," धनीराम म्हणाला.

"काहून? कोंडा हाये. मॅडमनं सांगितला हाये."

"त्यात बी हाये."

"कोणतं बी?"

"तुह्या भावाचं. भरडलेलं."

तिने बादली खाली ठेवली. "कोणं मिसळलं?"

गिऱ्हाईक हातातली पिशवी धरून उभं होतं. धनीराम म्हणाला, "मी."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं."

"पोतं आलं त्याच दिवशी. एक दाणा चावून पाह्यला होता."

मला वाटलं, ती ओरडेल. बादली त्याच्या डोक्यावर ओतेल, आणि मला ते पाहायला आवडलंही असतं. तिने तसं काही केलं नाही. वही उचलली, पान उघडलं, पेन त्याच्यापुढे धरला.

"लिवा."

"रेवता, लोक हायेत."

"लोकाईले माह्या भावाची कथा पाच दिवस ऐकवली ना? आता हे लिवा."

तो माझ्या शेजारी, उलट्या टोपलीवर बसला. त्याने लिहिलं. बराच वेळ लागला, कारण आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या नावापुढेच लिहिलं होतं. "भाद्रपदात पोतं आलं. बोरू आहे हे मला कळलं. बोललो नाही. निम्मं भरडून कोंड्यात घातलं, रोज संध्याकाळी दीड वाटी, माघापर्यंत. मॅडमला खोटं सांगितलं. धनीराम." मग त्याने बादलीतला कोंडा आणि ते पोतं मागच्या खड्ड्यात नेऊन पुरलं. भरलेलं पोतं टाकून देताना मी त्याला आजवर एकदाच पाहिलंय.

डॉक्टर राखीने दुसऱ्या दिवशी ते पान वाचलं. रागावली नाही. फक्त बोटांवर महिने मोजले, वाट्या मोजल्या. "आता मला कळलं, किती गेलंय आणि किती उरलंय," ती म्हणाली. "निम्म्याच्या आसपास. पुन्हा उगवणार नाही ते. पण उरलेल्यावर ही चालू शकते, नीट राहिली तर."

त्याला आता दीड वर्ष झालं. मी वरातीला जात नाही. सकाळी ऊन यायच्या आत तासभर तळ्याच्या बाजूला चरते, मग दिवसभर सावलीत. नाकाला मलम लावलेलं असतं, म्हणून मी एका नवऱ्या मुलीसारखी दिसते, असं गोदावरीबाई म्हणते. पाच वेळा खाते, थोडं थोडं. कधी कधी दुपारी डोकं जड होतं आणि पाय डावीकडे जायला बघतात. मग मी उभी राहते आणि ते निघून जाऊ देते. डॉक्टर म्हणते, दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही. मी म्हणते, चार सांगून सात निघालेली घोडी आहे मी, वर्षांच्या बाबतीत माझ्यावर कोणी पैज लावू नये.

चंद्रकुमार अजून येतो. तणशीचा भारा आणतो, सोडून, पसरून, काडी काडी दाखवतो. रेवताबाईने त्याच्याशी बोलायला चार महिने घेतले, नवऱ्याशी सहा. आता तिसरी वही चालू आहे. त्यात माझ्या तोंडात गेलेलं सगळं आहे. धनीरामच्या मुठीतला गूळ आहे, पदराखालची पोळी आहे. लपून द्यायचं दोघांनीही सोडलेलं नाही, फक्त दिल्यावर लिहितात.

तुमच्याही दारात कोणी असेल. गाय असेल, शेळी असेल, अंथरुणावरचा म्हातारा असेल. त्याच्या पोटात तुमच्या हातून काय जातं ते लिहून ठेवा. चांगलं दिलेलं कोणीही लिहितं. लाज वाटते ते आधी लिहा, फुकट आलं म्हणून दिलं ते लिहा, माहीत असून गप्प राहिलात ते तारखेसकट लिहा. आणि खरं लिहा, बाबांनो, कारण ज्याच्या पोटात ते जातं त्याला वही लिहिता येत नाही.